कुंडी भंडाऱ्यात उतरले तेव्हा

रावेर

ती. मामांस,


मेघालयातल्या गुहांचे फोटो बघून तुम्ही म्हणालात, आपल्या काळ्या दगडात असलं कुठलं? खरंय, आपल्याकडे चुनखडीच्या गुहा नाहीतच. पण जमिनीखालून वाहतं पाणी बघायचं तर बऱ्हाणपूर लांब नाही. आज ते मध्य प्रदेशात, तरी फारुकींच्या खानदेशाची राजधानी तेच.

तिथला कुंडी भंडारा बघून आले. जहांगीरच्या अमदानीत, 1615 साली, अब्दुल रहीम खानखानाने तो बांधून घेतला. आखणी तबकुतुल अर्झ या इराणी जाणकाराची. सातपुड्यावरचा पाऊस पायथ्याच्या गोट्या-वाळूत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे सरकतो. वाटेतच भुयार खणून तो धरला आणि नुसत्या उतारावर शहरात आणला. ना मोट, ना रहाट. वर ओळीने शंभरावर कुंड्या, म्हणजे भुयारात उतरणाऱ्या उभ्या विहिरी, हवेसाठी आणि साफसफाईसाठी.

लिफ्टने सुमारे 80 फूट खाली उतरले. पायाला गार, नितळ, चालतं पाणी. बॅटरी मारली तर भिंती पांढऱ्या, संगमरवरासारख्या. हात फिरवला तर खरखरीत, जागोजागी गाठी आलेल्या. तो चुना आहे, मामा. पाण्यात विरघळून येतो आणि हवा लागली की भिंतीवर धरतो. मेघालयातल्या गुहांमधले खांबही असेच थेंबाथेंबाने वाढतात. तुमच्या केळीच्या ड्रीपची छिद्रं ज्याने बुजतात आणि तुम्ही ॲसिड सोडता, तोच हा चुना. भंडाऱ्याची वाटही त्याने अरुंद होत चालली आहे, हे बघून जीव हळहळला.

त्या भुयारात डोंगर देईल तेवढंच पाणी येतं. जास्त ओढायची सोयच नाही. आपण मात्र त्याच डोंगराच्या पाण्यामागे दरवर्षी बोअर खोल नेतो. मला याची फार काळजी वाटते.

जमिनीत पाणी मुरवायच्या तापी महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने 10 मे 2025 ला केला. ते काम होईल तेव्हा होईल. तोवर नव्या बोअरची गाडी बोलावू नका आणि बांधावरची जुनी विहीरही बुजवू नका. नाल्याचं पाणी वाळू-खडीतून गाळून तिच्यात सोडू. त्या गाळणीचा खड्डा मृगाआधी खणून झाला पाहिजे. खर्चाचं मी बघते. मामींना नमस्कार.

तुमची भाची