उपरी

परवा नातू इंग्रजी पुस्तक घेऊन आला. "आजोबा, बर्जेस म्हणजे काय हो?"

"शहरचा नागरिक," मी झटकन सांगून टाकले.

"मग सिटिझन म्हणजे?"

आली का पंचाईत! चष्मा लावून कोश काढावाच लागला.

'बुर्ग' म्हणजे तटबंदीचे गाव; त्यातला हक्कदार तो बर्जेस. फ्रेंचांचा बूर्झ्वा याच घराण्यातला. नातवाचा लाडका बर्गरदेखील हॅम्बुर्ग शहराचे नाव लावून आलेला, हे ऐकून स्वारी खूश झाली. पण तटाच्या आत राहणारा प्रत्येक जण बर्जेस नसे. ज्याची गावात जागा, जो तिचा खंड भरी, त्यालाच बाजारात मोकळेपणी व्यापार करता येई, कारभारात बोलता येई. गडीमाणसे जन्मभर राबली तरी परकीच. 1835 च्या कायद्याने कर भरणाऱ्या घरधन्यांना हे नाव मिळाले; बिनघराचा तरीही बाहेरच राहिला.

वाचता वाचता मला आपलीच जुनी जोडी आठवली: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित, गावात त्याला मान. उपरी दुसऱ्याची जमीन कसणार. आज इथे तर उद्या तिथे.

मोरिवलीत मी 1982 साली आलो तो उपरी म्हणूनच. कारखान्यात नोकरी, आगरी घरात भाड्याची खोली. घरमालकाच्या आईला आम्ही आजी म्हणत असू. त्या माझ्या बायकोला म्हणायच्या, "तुम्ही काय बाई, पाखरं. दाणे संपले की उडाल." बोलण्यात राग नसे, पण मला ते लागे.

पुढे नगरपालिकेच्या एका निवडणुकीत आम्ही एकाच रांगेत उभे राहिलो. यादीत त्यांचे नि माझे नाव एकाच पानावर. कुणी मिरास विचारली नाही, घरपट्टीची पावतीही नाही. मी मनातून फुशारलो. बाहेर आल्यावर आजींनी कारखान्यांच्या पत्र्यांकडे बोट केले. "तिथं आमचं भाताचं शेत होतं. शेत गेलं, पाखरं राहिली."

माझी फुशारकी तिथेच विरली. मला गाव मिळाले होते, त्यांचे गेले होते. आणि शाई मात्र दोघांच्या बोटांना सारखीच लागली होती.

"मग आजोबा, आपण बर्जेस का?" नातवाने पुन्हा विचारले.

"आपण नागरिक," मी म्हणालो, "आजींच्या गावातले." आणि कोश मिटून ठेवला.