आमच्या घराच्या पायऱ्या

बदलापूरच्या सोनिवलीत आमचे जुने घर आहे. काळ्या दगडाचे उंच जोते, त्यावर विटांच्या जाड भिंती, सागवानी तुळया आणि वर कौले, असे ते घर माझ्या पणजोबांनी बांधले. रस्त्यावरून ओसरीवर यावयाचे, तर सात पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्यांचा मला लहानपणी फार राग येई. आजी तर प्रत्येक पायरीवर थांबे, गुडघ्यावर हात ठेवी आणि म्हणे, “मामंजींनी घर बांधले, की गड?”

१८५६ साली कल्याणहून खोपोलीकडे लोहमार्ग गेला आणि बदलापूर मुंबईस जोडले गेले. तरीही कितीतरी वर्षे इकडे भातखाचरेच अधिक होती. पुढे मुंबईत जागा मिळेनाशी झाली, तसे लोक येथे राहावयास येऊ लागले. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली.

आमच्या आळीतही जुनी घरे पडू लागली. शेजारच्या काकांनी नवे घर बांधले. गाडी सरळ आत नेता यावी, म्हणून त्यांनी जमीन रस्त्याच्या पातळीला ठेवली. त्यांच्या गुळगुळीत फरशीपुढे मला आमच्या घराची लाज वाटे.

२६ जुलै २००५ चा दिवस मी विसरणार नाही. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. बोरघाटाच्या डोंगरांतून येणारी आमची उल्हास नदीही पात्र सोडून गावात शिरली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. ओसरीच्या कडेला बसून मी पायऱ्या मोजत होतो. पहिली बुडाली, दुसरी बुडाली. अंधार पडेपर्यंत चौथीही दिसेनाशी झाली. शेजारच्या घरात कमरेएवढे पाणी होते. बाबांनी दोर धरून त्या मंडळींना आमच्याकडे आणले. आणखी तीन कुटुंबे आली. त्या रात्री आमच्या माजघरात एकोणीस माणसे होती. आजीने कंदिलाच्या उजेडात सर्वांना पिठले-भात वाढला. पाणी पाचव्या पायरीला लागले आणि तेथेच थांबले.

पूर ओसरल्यावर आजी बराच वेळ पायऱ्यांकडे पाहत उभी होती. “मामंजींना नदी ठाऊक होती,” एवढेच ती म्हणाली. बाबांनी छिन्नीने पाचव्या पायरीवर पाण्याची खूण कोरली.

काही वर्षांनी घर पाडून तेथे इमारत बांधण्याचा विचार निघाला. काका म्हणाले, “दादा, दर पावसाळ्यात कौले गळतात. आईला पायऱ्या चढवत नाहीत. खूण जपायची, की माणूस?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बाबा दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी सुताराला बोलावले. कुजलेले वासे बदलले, फुटकी कौले काढून नवी घातली आणि मागील दारी आजीसाठी कठडा असलेला लांब, सोपा उतार बांधला. त्यासाठी काढलेले कर्ज फेडताना आम्हां सर्वांनाच पुष्कळ काटकसर करावी लागली. आजी मात्र त्या उतारावरून पुन्हा रोज देवळात जाऊ लागली.

आता आजी नाही. पण आळी पुन्हा गजबजली आहे. बंद पडलेल्या दोन घरांची कुलुपे निघाली आहेत. त्यांच्या ओसऱ्यांवर सायंकाळी मुले अभ्यासाला बसतात. नव्या इमारतीही उठत आहेत, आणि त्यांत राहणारी माणसे आमचीच झाली आहेत.

गेल्या वर्षी शेजारच्या काकांनी आपले घर पुन्हा बांधावयास काढले. एके सकाळी त्यांचा गवंडी आमच्या दारी आला. हातात दोरी आणि पाण्याने भरलेली नळी होती. “ती खूण कोठे आहे?” त्याने विचारले. मी पाचवी पायरी दाखविली. त्याने नळीचे एक टोक खुणेशी धरले, दुसरे शेजारच्या अंगणातल्या खांबाला लावले आणि पाण्याची पातळी पाहून खांबावर रेघ ओढली. मग त्या रेघेच्या वर दोन हात मोजून तो म्हणाला, “जोते येथपर्यंत घेऊ.”