मुधोळचा पाहुणा शहरात रुळतो तेव्हा

कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे गाव पर्यटकांच्या यादीत सहसा नसते. बदामी, पट्टदकल, ऐहोळे पाहायला निघालेल्या गाड्या बागलकोटवरूनच पुढे जातात. घटप्रभेच्या पाण्यावर पोसलेला ऊस, त्यापलीकडे ज्वारी-मक्याची काळी राने, साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या रांगा आणि दुपारी डोळे दिपवणारे ऊन, असा हा मुलूख. कन्नड साहित्यातली तीन रत्ने म्हणून ज्यांची नावे घेतात त्या तिघांपैकी एक, रन्न, दहाव्या शतकात इथलाच. पण आज पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून माणसे मुधोळची वाट धरतात ती कवीसाठी नव्हे, तर एका पिल्लासाठी.

मुधोळ हाउंड हे त्याचे आजचे नाव. लांब निमुळते तोंड, आत ओढलेले पोट, वाऱ्यावर हलेल असे सडपातळ अंग आणि दूरवर रोखलेली नजर. महाराष्ट्रात याच जातीला कारवान किंवा कारवानी म्हणतात. वासापेक्षा डोळ्यांनी सावज हेरणारा आणि पळून गाठणारा हा कुत्रा. मध्य आणि पश्चिम आशियातल्या काफिल्यांबरोबर आलेल्या शिकारी कुत्र्यांशी त्याचे नाते जोडले जाते. कारवान हे नाव तिथूनच आले असावे.

मराठी वाचकाला मुधोळ परके वाटण्याचे कारण नाही. हे घोरपड्यांचे संस्थान. 1948 मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी आसपासच्या बेडर आणि धनगर वस्त्यांवरची ही कुत्री पाहिली, त्यांची पैदास जोपासली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली, असे इथे अभिमानाने सांगतात. पुढे 2005 मध्ये या कुत्र्याचे चित्र टपाल तिकिटावर आले. 2016 मध्ये इथली पिल्ले लष्कराच्या मीरत येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरच्या भाषणात देशी जातींचे कौतुक करताना मुधोळचे नाव घेतले आणि ते घरोघरी पोहोचले.

नाव पोहोचले, पण कुत्र्याचा स्वभाव किती जणांपर्यंत पोहोचला? काळ्या रानात वाऱ्याशी शर्यत लावणारा हा प्राणी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आला की बावरतो. पडदे फाडतो, कोपऱ्यात दडून बसतो, पाहुण्यांवर गुरगुरतो. मग ‘ही जात घरात ठेवण्यासारखीच नाही’ असा शेरा मिळतो. एखादा परत पाठवला जातो, एखादा सोसायटीच्या फाटकाबाहेर दिसू लागतो. खरे तर बहुतेक वेळा चूक जातीची नसते, घाईची असते. सकाळी मुधोळला उतरायचे, पैसे मोजायचे, पिल्लू पिशवीत घालायचे आणि संध्याकाळच्या आत परतीला लागायचे, हा तो घाईचा प्रकार.

त्यापेक्षा एक रात्र मुक्काम करावा. मुधोळ तालुक्यातल्या तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. तिथे या जातीची माहिती मिळते. आसपासच्या गावांतही शेतकरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या ही कुत्री पाळत आली आहेत. अशा घरी गेल्यावर आधी चहा येतो आणि मग चौकशी. “घर कसं आहे साहेब? गच्ची आहे? दिवसभर घरात कोण असतं?” कानडी वळणाच्या मराठीतल्या या प्रश्नांचा राग मानू नये. जो मालक काहीच न विचारता पिल्लू हातात ठेवतो, त्याच्यापासूनच सावध राहिलेले बरे.

आता आपण विचारायचे. पिल्लू किती दिवसांचे? 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने नोंदणी करायची असते. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू दूध तर गमावतेच, शिवाय भावंडांशी खेळताना किती जोराने चावावे याचा जो धडा मिळतो तोही गमावते. आई कुठे आहे? ती अंगणात मोकळी, शांत असेल तर पिल्लाबद्दल निम्मी खात्री पटते. ते काय खाते, किती वेळा खाते? या भागात मक्याच्या किंवा ज्वारीच्या पिठाची पेज, भाकरी, दूध, कधीमधी अंडे असा साधा आहार असतो. ते कशावर झोपते? गोणपाटावर की मातीत? रात्री कोणाच्या पायाशी? ही उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. नव्या घरात त्याला हेच जग थोडेफार पुन्हा मांडून द्यायचे असते.

निघताना दोन वस्तू मागून घ्याव्यात. आई आणि भावंडे ज्यावर झोपली ते गोणपाट किंवा जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि चार दिवस पुरेल इतके तिथलेच पीठ. लुगड्याचा तुकडा धुवायचा नाही, हे घरच्या गृहिणीला आधीच सांगून ठेवावे! पिल्लाच्या दृष्टीने त्या वासातच त्याचे गाव असते.

प्रवास शक्यतो मोटारीने आणि उन्हे उतरल्यावर करावा. निघण्यापूर्वी पोटभर खाऊ घालू नये. वाटेत पाणी पाजावे आणि दर दोन तासांनी थांबावे. फक्त लसी पूर्ण न झालेले पिल्लू ढाब्यांजवळ, जिथे मोकाट कुत्री फिरतात, तिथे जमिनीवर सोडू नये. ‘आलोच आहोत तर बदामीची लेणीही पाहू’ हा मोह पिल्लू घेण्याआधी पुरवावा. बंद मोटारीत ते अर्धा तासही उन्हात राहू शकत नाही. मोठ्या कुत्र्याला रेल्वेने न्यायचे तर फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी. स्लीपर, टू-टियर, थ्री-टियरमध्ये परवानगी नसते. गार्डच्या डब्यातल्या पेटीतून धाडण्याची सोय असते, पण ज्याने कधी बंद खोलीही पाहिलेली नाही त्याला त्या अंधारात, खडखडाटात रात्रभर ठेवणे क्रूरपणाचेच.

घरी पोहोचल्यावर स्वागताला शेजारपाजार जमवू नये. आरती, फोटो, मुलांचा गलका हे सगळे आठवडाभर पुढे ढकलावे. आधी एकच खोली दाखवावी. तिथे भिंतीकडेच्या कोपऱ्यात ते गोणपाट आणि जवळ पाण्याचे भांडे. मातीवर वाढलेल्या लांब पायांना गुळगुळीत फरशी म्हणजे बर्फच. ते पाय फाकून पडते आणि घाबरते, म्हणून जाजम किंवा रबरी पायपोस अंथरावेत. कुकरची शिट्टी, मिक्सर, लिफ्ट, फ्लशचा आवाज हे सारे त्याने प्रथमच ऐकलेले असते. पहिले दोन दिवस ते खाणार नाही, कदाचित खाटेखालून बाहेरही येणार नाही. ओढून काढू नये. त्याच खोलीत पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसावे. कुतूहल या जातीत भरपूर असते, ते आपणहून येऊन हात हुंगते.

पहिल्या रात्री ते रडणार. ‘रडू दे, सवय होईल’ असे म्हणून त्याला बाल्कनीत कोंडणारे लोक असतात. पण भावंडांच्या उबेत झोपलेल्या जिवाला एकाएकी एकटे टाकले की त्याला सवय होत नाही, धास्ती बसते. आपल्या पलंगाशेजारी त्याचे अंथरूण घालावे आणि हात खाली सोडून झोपावे. अंथरूण पुढे हळूहळू दाराकडे सरकवता येते.

जेवण आधी तिथलेच, मग आठवडाभरात थोडे थोडे घरचे मिसळत न्यावे. एकदम बदलले की जुलाब ठरलेलेच. दोन-चार दिवसांत पशुवैद्याला दाखवून लसींचे आणि जंतनाशकाचे वेळापत्रक लिहून घ्यावे. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. जाणकार तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात. तीन दिवसांत भीती ओसरते, तीन आठवड्यांत घरचा दिनक्रम कळतो आणि तीन महिन्यांनी घर आपले वाटते. मुधोळच्या बाबतीत शेवटचा टप्पा लांबला तरी नवल नाही. हा कुत्रा सगळ्यांच्या मांडीवर बसणारा नव्हे. अनोळखी हात डोक्यावर पडलेला त्याला आवडत नाही. घरातल्या एकाला तो आपला मानतो आणि बाकीच्यांशी सभ्यपणे वागतो. मुलांना हे आधी समजावून सांगावे, म्हणजे त्यांचा हिरमोड होत नाही.

त्याच्या पायांचा हिशेब मात्र चुकवता येत नाही. मोठा नर खांद्यापाशी सत्तावीस-अठ्ठावीस इंच भरतो. त्याला रोज सकाळ-संध्याकाळ फिरणे आणि आठवड्यातून काही वेळा कुंपण असलेल्या मैदानात मोकळे धावणे हवे. रस्त्यावर साखळी सोडायची नाही, अगदी वर्षभर आज्ञेत असला तरीही. मांजर किंवा खार दिसली की हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. आज ससा मारणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण हे त्याच्या डोळ्यांना कोण सांगणार? बाल्कनीला पूर्ण उंचीची जाळी हवीच. आणि दिल्ली, भोपाळ, इंदूरकडच्या वाचकांनी थंडीसाठी जाड झूल शिवून घ्यावी. अंगावर ना चरबी ना दाट केस, त्यामुळे डिसेंबरात तो कुडकुडतो.

बदलीमुळे मोठा झालेला मुधोळ दुसऱ्या गावी न्यावा लागला, तर सामान आवरण्याच्या गडबडीत त्याचे अंथरूण सगळ्यात शेवटी बांधावे आणि नव्या घरात सगळ्यात आधी उलगडावे. फिरायला नेण्याच्या आणि जेवणाच्या वेळा जुन्याच ठेवाव्यात. गळपट्ट्यावर नवा फोन नंबर लावल्याशिवाय दार उघडू नये. बावरलेला कुत्रा जुन्या घराच्या दिशेने पळतो आणि याला पाठलाग करून पकडणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे.

मुधोळला जायचे तर मिरज-बेळगाव मार्गावरच्या कुडची स्थानकावर उतरून जमखंडीमार्गे एसटी मिळते, किंवा बागलकोट स्थानकावरून साधारण साठ किलोमीटरचा रस्ता आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. एप्रिल-मेच्या उन्हात पिल्लाला प्रवास घडवू नये, आणि दिवाळीच्या तोंडावरही आणू नये. नव्या घरातला त्याचा पहिला आठवडा फटाक्यांविना गेलेला बरा.