पट्टी उतरली तरी

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडी साधारण मध्यावर येते. कोजागरीच्या सुमारास हा रस्ता गाड्यांचा उरत नाही. तुळजाभवानीला पायी निघालेल्यांचा होतो आणि कडेच्या चहा-फराळाच्या मंडपांत कर्णे वाजू लागतात. गाणी बहुतेक जुनीच. विशीतली पोरंही ती तोंडपाठ म्हणत चालतात आणि साठीतली माणसंही. मग तरुणपणीच्या गायकाचा कार्यक्रम लागला, सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट काढून असो वा जत्रेच्या ऑर्केस्ट्रात फुकट, की माणूस नेमका कशाला जातो? ठरलेलं उत्तर असं की, गेलेलं वय परत मिळतं का ते बघायला. मानसशास्त्रही त्याला दुजोरा देतं: दहाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी माणसाजवळ सर्वात दाट असतात. पण गाणं लक्षात का राहिलं, एवढंच त्यातून कळतं. सगळी जुनी गाणी खिशातल्या फोनवर, गायकाच्या ऐन उमेदीतल्या आवाजात असताना थकलेला गळा ऐकायला दोन तास का बसायचं, हे त्यातून उलगडत नाही.

बरं, मूळचा आवाजच हवा असतो म्हणावं, तर तेही खरं नाही. गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, तेव्हा त्यातली ५६ गाणी माणिक वर्मांसह अनेकांनी गायिली होती. पुढे मंचावर ती सगळी सुधीर फडक्यांनी एकट्याने गायिली. राम तेच, सीता तेच, कैकेयीही तेच. कुणाची तक्रार नव्हती. २००२ साली सुधीर फडके गेले आणि श्रोत्यांनी त्यांचे चिरंजीव श्रीधर फडक्यांच्या तोंडून तीच गाणी मनापासून ऐकली. ‘शुक्रतारा’ ध्वनिमुद्रिकेवर अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचं. कार्यक्रमांत दाते तेच राहिले, शेजारची गायिका बदलत गेली. आमच्याकडचं उदाहरण मंगळवेढ्याच्या शिंदे घराण्याचं. २००४ मध्ये प्रल्हाद शिंदे गेले; मुलं आनंद आणि मिलिंद गातच होते, आता नातू आदर्श गातो. गळा बदललेला चालतो. चालत नाही ते रिकामं सभागृह.

कारण त्या गाण्याचा अर्धा भाग श्रोत्यांकडे असतो. उतारवयातला गायक आधी पट्टी उतरवतो. काळी चारचं गाणं काळी दोनवर आणलं, की पेटीवाल्यापासून सगळ्यांना नव्याने जुळवून घ्यावं लागतं. एवढं करूनही अंतऱ्यातली वरची जागा अंगावर येतेच. तिथे गायक हसतो, माईक श्रोत्यांकडे वळवतो आणि पुढची ओळ सभागृह उचलतं. यात सौजन्यापेक्षा श्वास वाचवणं अधिक, हे पहिल्या रांगेलाही कळतं. तरी टाळ्या तिथेच पडतात. गायकाने ती जागा निर्दोष घेतली असती, तर तेवढ्या पडल्या असत्या, असं मला वाटत नाही. एकट्याने ऐकताना ही जागा मिळत नाही. आपण गुणगुणतो, पण शेजारचा अनोळखी माणूस त्याच क्षणी तोच शब्द उचलत नाही. तरुणपणी मात्र गाणं असंच भेटलं होतं. ते आपण निवडलं नव्हतं. लग्नाच्या मांडवातल्या माईकवाल्याने किंवा एसटी स्टँडवरच्या पानटपरीने ते लावलं आणि सगळ्या गावाला ऐकावं लागलं. अभ्यासाला बसलेल्यांची त्यावर तक्रार असे, आणि ती रास्तच होती.

यावर खरा टोकदार आक्षेप असा की, ‘सगळं गाव’ म्हणजे कोण? तेव्हाचं गाव एका सतरंजीवर बसत नव्हतं. भीमगीतं एका वस्तीत, भजनं दुसऱ्या आळीत. आज सभागृहात जे एकत्रपण आठवून डोळे पाणावतात, ते तेव्हा होतं कुठे? आक्षेप मान्य करावा लागतो. स्मरणरंजन भिंती पुसून टाकतं, हा त्याचा मोठा दोष. पण प्रल्हाद शिंद्यांचाच गळा बघा. त्याच गळ्यातून विठ्ठलाची गाणी आली, त्याच गळ्यातून बाबासाहेबांची. सतरंज्या वेगळ्या असल्या, तरी कर्ण्याला वेस नव्हती. पलीकडच्या वस्तीचं गाणं नको म्हणूनही कानावर पडत होतं आणि पाठ होत होतं. एकत्र बसणं झालं नाही, ऐकणं झालं. आज शेजारच्या खुर्चीवरचा तेच कडवं म्हणतो, तेव्हा तो कुठल्या आळीतून ते शिकला, हे कुणी विचारत नाही. ते विचारलं जावं, असं मात्र मला वाटतं.

राहता राहिला गायक. त्याच्यावर अन्याय होतो, यात वाद नाही. नवी चाल बांधून आणावी, तर तेवढ्यात लोक चहाला उठतात. आयोजकही हुशार, फर्माइशीचं गाणं शेवटाला ठेवून तिकीट वसूल करतात. नवं गाणं त्या फर्माइशीच्या अगदी आधी ठेवलं, तर निदान उठून जायची कुणाची छाती होणार नाही.