उसंत

आमवातानें कोणी मरत नाहीं असें म्हणून लोक त्या दुखण्याकडे कानाडोळा करितात. आमच्या आत्याबाईंचीं बोटें सकाळीं मिटत नसत. वेणी घालणें, लिंबू पिळणें हीं कामें त्यांनीं एकेक करून सोडून दिलीं. मग एका डॉक्टरांनीं स्टेरॉइडच्या बारीक गोळ्या दिल्या, आणि आठवड्याच्या आंत बाई पुरण वाटावयास बसल्या! ‘बऱ्या झाल्या’ असा घरभर बोभाटा झाला. दाह दबला होता, मूळ तसेंच होतें. पुढें चेहरा सुजला, साखर वाढली, आणि गोळी कमी करतांच दुखणें दामदुपटीनें परत आलें.

या गोळीची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत, मेयो क्लिनिकमध्यें, १९२९ सालीं डॉ. फिलिप हेंच यांस असें आढळलें कीं, आमवाताच्या एका रोग्यास कावीळ झाली आणि त्याचे सांधे मोकळे झाले. गर्भारपणांतही पुष्कळ स्त्रियांचें हें दुखणें ओसरतें, हेंही त्यांच्या ध्यानीं आलें. आमच्याकडे एखाद्यानें यांत ग्रहयोग पाहिला असता. हेंच यांनीं शरीरांत कांहीं अज्ञात द्रव्य असलें पाहिजे असें धरून त्यास ‘क्ष’ म्हटलें. पित्त देऊन पाहिलें, व्यर्थ. अखेर त्यांचे सहकारी केंडॉल यांनीं मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून वेगळें केलेलें कॉर्टिसोन २१ सप्टेंबर १९४८ रोजीं २९ वर्षांच्या एका स्त्रीस टोंचण्यांत आलें, आणि थोड्याच दिवसांत ती हिंडूं फिरूं लागली. गंमत अशी कीं, कारखान्यांत तें द्रव्य बनवीत तें बैलाच्या पित्तापासूनच! १९५० सालीं या शोधास नोबेल पारितोषिक मिळालें.

या कुळाशीं आमचा दुसरा परिचय निराळ्या घरीं झाला. आमच्या एका स्नेह्यांच्या मेंदूंत ग्लिओब्लास्टोमा नांवाची कर्करोगाची गांठ निघाली. उजवा हात लुळा पडला, शब्द तोंडांत अडूं लागले. डेक्सामेथासोन हें कॉर्टिसोनचें कितीतरी जहाल भावंड सुरू झालें, आणि तिसऱ्या दिवशीं त्यांनीं चहाचा कप आपल्या हातानें उचलला. अशा गांठीभोंवतींच्या रक्तवाहिन्या पाझरतात, मेंदू सुजतो, आणि कवटी तर ताणत नाहीं. औषधानें तो पाझर कमी होतो. हा उपयोग गॅलिसिच व फ्रेंच यांनीं १९६१ सालीं दाखविला, तोही मिनेसोटांतच. गांठ मात्र होती तेथेंच राहते. वहिनींनीं आम्हांस बाजूला घेऊन विचारलें, “भावोजी, आतां ऑपरेशन कशाला?”

“वहिनी, सूज उतरली आहे, गांठ नाहीं.” इतके कठोर शब्द आम्हीं क्वचितच उच्चारले असतील.

सांध्यांच्या बाबतींत शास्त्र या उसंतीवर थांबलें नाहीं. १९९२ सालीं लंडनमध्यें मैनी व फेल्डमन यांनीं दाह पेटविणाऱ्या टीएनएफ या रेणूस रोग्यांच्या शरीरांत अडवून पाहिलें, आणि आज त्या वाटेचीं औषधें अनेकांचे सांधे वांचवीत आहेत. ग्लिओब्लास्टोमाची गोष्ट तशी नाहीं. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चांचणींत किरणोपचारांस टेमोझोलोमाइडची जोड दिली, तेव्हां निम्मे रोगी जेथवर पोंचले तो पल्ला १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. अडीच महिने! एवढ्याशा मिळकतीस हंसणारे शहाणे आम्हांस भेटले आहेत. त्यांनीं असें घर पाहिलेलें नसावें.

आमच्या स्नेह्यांनीं ऑपरेशनपूर्वींच्या त्या दिवसांत बँकेचीं पुस्तकें वहिनींस समजावून दिलीं, आणि धाकट्या मुलीच्या शाळेच्या अर्जावर स्वतःच्या उजव्या हातानें सही केली.