बाबा, बीथोव्हेन आणि शहात्तर

आपल्या मंडळाच्या गणपतीची आरती तुम्ही कधी नीट ऐकली आहे का? हॉल भाड्याचा, खाली कार्पेट, वर बसकं छत. पहिली आरती बऱ्यापैकी संथ सुरू होते आणि तिसरीपर्यंत टाळ्या धावत सुटतात. दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "पोरांना मोदकांची घाई झालीय!" मलाही तसंच वाटायचं. गेल्या वर्षी बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि दोष सगळाच मोदकांचा नाही, हे कळलं.

बाबा बँकेत नोकरीला होते, पण घरात त्यांची खरी ओळख तबल्याची. मोठ्या कलाकारांची साथ त्यांनी केली नाही. गल्लीतला गणेशोत्सव, भजनी मंडळ, कुणाच्या घरची छोटी बैठक एवढंच. मला त्यांनी सातव्या वर्षी व्हायोलिनच्या क्लासला घातलं आणि रोज संध्याकाळी स्वतः ठेका धरून बसायचे. आधी ठाय, मग दुगुन, मग चौगुन. मी पळायला लागले की डग्ग्यावर एक थाप जोरात पडायची. पुढे कॉलेज, लग्न, वेलिंग्टन. व्हायोलिन पेटीत गेलं. चाळिशीत ते पुन्हा बाहेर काढलं, तेव्हा मांडी मोडून खुर्चीवर बसायला आणि नोटेशन वाचायला पहिलीपासून शिकावं लागलं. आता इथल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात मी सेकंड व्हायोलिन वाजवते. आम्ही चाळीसेक जण आहोत. शिक्षक, प्लंबर, निवृत्त डॉक्टर, दोन कॉलेजची मुलं. दर गुरुवारी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमतो.

बाबा आले तेव्हा आमची तालीम बीथोव्हेनच्या सातव्या सिम्फनीची चालली होती. या सिम्फनीचा आणि आपल्या गावाचा एक गमतीदार संबंध आहे. ती पहिल्यांदा वाजली ती ८ डिसेंबर १८१३ रोजी, व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात, जखमी सैनिकांच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमात. त्याच कार्यक्रमात बीथोव्हेनची आणखी एक नवी रचना झाली, 'वेलिंग्टनचा विजय'. ज्या सेनानीचं नाव १८४० साली आपल्या शहराला दिलं गेलं, तोच हा वेलिंग्टन. आणि त्याच्या दहा वर्षं आधी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढणारा आर्थर वेलस्लीही तोच. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे आपण त्याच्याच गावात येऊन राहिलो की!"

तो कार्यक्रम भरवण्यात मेल्झेल नावाच्या एका कारागिराचा मोठा हात होता. याने बीथोव्हेनला ऐकण्यासाठी कर्णे करून दिले होते. पुढे १८१५ साली याच मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं आणि १८१७ मध्ये बीथोव्हेनने आपल्या तोवरच्या आठही सिम्फनींच्या लयींचे आकडे छापून दिले. सातवीचा दुसरा भाग, अलेग्रेट्टो, मिनिटाला शहात्तर मात्रा. तो पहिल्याच दिवशी लोकांनी पुन्हा वाजवून घेतला होता. गंमत अशी की शहात्तरला तो फारच कमी वेळा ऐकायला मिळतो. कुणी तो आठ मिनिटांच्या आसपास संपवतात, कुणी शोकयात्रेसारखा दहा मिनिटांपर्यंत नेतात. स्वर तेच, वाद्यं तीच. पण एकात पावलं पुढे चाललेली असतात आणि दुसऱ्यात माणसं खाली मान घालून उभी असतात.

मी शहात्तरच्या बाजूची. बीथोव्हेनने स्वतः लिहून ठेवलंय, मग वाद कसला? स्वयंपाकघरात फोनवर मेट्रोनोम लावून मी रोज सराव करायची. एक लांब, दोन आखूड, दोन लांब. बाबा टेबलाशी बसून बघायचे. एकदा म्हणाले, "हे यंत्र चांगलं आहे, पण त्याला खोली दिसत नाही." मी हसून विषय सोडून दिला.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी बाबांचे बरेच विषय सोडून देत होते. त्यांना दोन वर्षांपासून ऐकायला कमी येतं. कानाला मशीन आहे, पण कुकरची शिट्टी, नळ, मुलीचा टीव्ही असं सगळंच मोठं होतं म्हणून ते काढून ठेवतात. मग "काय म्हणालीस?" दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. एका रात्री जेवताना मी ऑफिसातलं काहीतरी सांगत होते. तिसऱ्या "काय?"ला माझ्या तोंडून निघालं, "जाऊ दे बाबा, काही विशेष नाही." बाबांनी मशीन काढलं, डबीत ठेवलं, आणि आमटीचा भुरका मारला. पुढे कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना इथल्या एका ऑडिओलॉजिस्टकडे घेऊन गेले. ती बाई माझ्याकडेच बघून बोलली. ओरडू नका, हळू बोला, समोर येऊन बोला. म्हातारपणी आधी उंच आवाज जातात, खालचे बऱ्यापैकी टिकतात. आपल्या बोलण्यातले स्वर खालचे आणि दणकट असतात; व्यंजनं उंच आणि दुबळी. मशीन दोन्ही मोठे करतं, पण भिंतीवरून परतणारा आवाजही मोठा करतं. आधीच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर येऊन पडते आणि शब्दाचा गोळा होतो. "खोली जितकी घुमणारी, तितकं हळू आणि तितकं जवळून," ती म्हणाली. बाबांना मी हे घरी येऊन मराठीत सांगितलं, हळू आणि समोर बसून. ते म्हणाले, "यात नवीन काय? धिरधिर कुठल्याही खोलीत वाजत नाही."

मग एका रविवारी ते मला थॉर्नडनला घेऊन गेले. म्हणजे गाडी मीच चालवली, पण बेत त्यांचा. मलग्रेव्ह स्ट्रीटवरचं ओल्ड सेंट पॉल्स तुम्ही पाहिलं असेल. १८६६ सालचं, आतून संपूर्ण लाकडी. इथलंच रिमू, तोतारा, कौरी. १८४८ आणि १८५५ च्या भूकंपांनी विटांची बांधकामं हादरवल्यावर हे शहर लाकडाकडे वळलं, त्या काळातली ही वास्तू. बाबांनी मध्यभागी उभं राहून हलक्या हाताने तीनतालाच्या टाळ्या दिल्या. प्रत्येक टाळी सुटी, कोरडी, जणू आपल्या वाड्यातल्या माजघरात. मग पाच मिनिटं चालत मोल्सवर्थ स्ट्रीटवरच्या नव्या कॅथीड्रलमध्ये गेलो. त्याची कोनशिला १९५४ ची आणि पूर्णत्व १९९८ मधलं. काँक्रीटचं, उंच, विस्तीर्ण. आत फारसं कुणी नव्हतं. बाबांनी एकच टाळी वाजवली आणि ती विरेपर्यंत मान वर करून उभे राहिले. बराच वेळ. "बघ, इथं सम गेली तरी अजून समेवरच आहे," ते म्हणाले. "इथं द्रुत वाजवणारा स्वतःच्याच अंगावर पडेल. आणि तिकडं अतिविलंबित घेतलं तर दोन मात्रांमध्ये नुसतं भोक. आस मिळत नाही, मग माणूस पळतो." मला मंडळाच्या हॉलमधली आरती आठवली. कार्पेट आवाज पिऊन टाकतं, रिकामी जागा कुणालाच सहन होत नाही, आणि टाळ्या ती भरायला धावतात.

मोठे ऑर्केस्ट्रा हेच पोटापाण्यासाठी करतात. आपला न्यूझीलंड सिम्फनी ऑर्केस्ट्रा गावोगाव फिरतो आणि प्रत्येक हॉलमध्ये त्याला थोडक्या वेळात लय पुन्हा बेतावी लागते. त्याचा पहिला कार्यक्रम ६ मार्च १९४७ रोजी वेलिंग्टन टाऊन हॉलमध्ये झाला. तो हॉल १९०४ चा, बुटांच्या खोक्यासारखा लांबट आणि उंच. अशा आकारात बाजूच्या भिंतींवरून आवाज लवकर परत येतो आणि ऐकणाऱ्याला वेढून टाकतो. भूकंपाच्या धोक्यामुळे तो २०१३ मध्ये बंद झाला. शेजारचं मायकल फाउलर सेंटर १९८३ चं. ते रुंद आणि गोलसर, म्हणून ध्वनितज्ज्ञ हॅरॉल्ड मार्शल यांनी प्रेक्षकांभोवती मोठे तिरपे फलक लावले, म्हणजे दूरच्या भिंतीचं काम जवळच होईल. याच शहरातल्या माणसांनी, याच भूकंपाच्या भीतीपोटी, कधी लाकडाचा, कधी काँक्रीटचा, कधी बंद दाराचा हॉल दिला. वाजवणाऱ्यांनी प्रत्येकात वेगळी लय शोधली.

आमची पाळी ऑक्टोबरअखेर आली. कार्यक्रम एका काँक्रीटच्या चर्चमध्ये होता. रंगीत तालमीला शेवटचा भाग सुरू केला आणि चार ओळींत आम्ही बुडालो. हिशेब सोपा आहे. बीथोव्हेनचा आकडा इथे मिनिटाला बहात्तर, आणि प्रत्येक ठोक्यात आमचे आठ बारीक स्वर, म्हणजे सेकंदाला साडेनऊच्या वर. आम्ही हौशी मंडळी सहासष्टच्या पुढे कधी गेलोच नव्हतो, तरी सेकंदाला जवळजवळ नऊ. आवाज विरायला तीन सेकंद लागत असतील, तर मागचे पंचवीसेक स्वर अजून हवेत आहेत आणि त्यांच्यावर नवे पडतायत. शिवाय मागच्या नगाऱ्यांचा आवाज दहा मीटर पार करून आमच्यापर्यंत येतो तो सेकंदाच्या तेहेतिसाव्या भागाने उशिरा. त्यात चर्चची भर. कानावर विसंबणारा प्रत्येक जण मागे पडत होता.

आमचे कंडक्टर निवृत्त शाळामास्तर. तेही शहात्तरवाले, माझ्याहून कडवे. त्यांनी काठी पहिल्या व्हायोलिनवाल्या बाईंच्या हाती दिली आणि शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले. परत आले ते काही न बोलता. अलेग्रेट्टो सहासष्टला घेतला, शेवटचा भाग साठला. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. मग तिसऱ्या-चौथ्या ओळीला व्हायोलांची ओळ ऐकू आली, जी शाळेच्या हॉलमध्ये मला कधी ऐकूच आली नव्हती. "उद्या माणसं आणि त्यांचे कोट असतील," कंडक्टर म्हणाले, "थोडं आटेल. तेव्हा मी थोडा पुढे जाईन, माझ्याकडे बघा." आकडा त्यांनी सोडला नव्हता, त्या खोलीत तो जेवढा मावत होता तेवढा ठेवला होता.

बाबांना मी पहिल्या बाकावर, डबल बासच्या बाजूला बसवलं. जवळून, ऑडिओलॉजिस्टने सांगितल्याप्रमाणे. अलेग्रेट्टो सुरू होतो तेव्हा सेकंड व्हायोलिनला काम नसतं. आधी फुंकवाद्यांचा एक करुण स्वरमेळ, मग तो ठेका व्हायोला, चेलो आणि डबल बास खालच्या सुरांत घेतात. पहिली पन्नासेक सेकंदं मी हात मांडीवर ठेवून बाबांकडे बघत होते. त्यांचं बोट गुडघ्यावर चाललं होतं. एक लांब, दोन आखूड, दोन लांब. नंतर तो ठेका आमच्याकडे, वरच्या सुरांत आला. मी वाजवायला लागले आणि मला त्या बाईंचं बोलणं आठवलं. आधी उंच आवाज जातात. म्हणजे ज्या क्षणी मी सुरू झाले, त्याच क्षणी बाबांसाठी तो ठेका धूसर होत असणार. बघायची हिंमत झाली नाही. पानावर नजर ठेवून वाजवत राहिले.

गाडीत बसल्यावर मी इंजिन सुरू केलं नाही. त्यांच्याकडे वळून, सावकाश विचारलं, "बाबा, माझं ऐकू आलं का?"

"तुझं असं वेगळं नाही आलं," ते म्हणाले. "पण तू गज उचललास ते दिसलं. ठेका खाली बसवलेला होता, त्यामुळे तू कुठं आहेस ते कळत होतं. घाई केली असतीत तर नसतं कळलं."

नोव्हेंबरमध्ये बाबा परत गेले. आता दर रविवारी आमच्या संध्याकाळी, त्यांच्या सकाळच्या दुसऱ्या चहाला व्हिडिओ कॉल असतो. इथून पुण्यापर्यंत आवाज जायला किंचित वेळ लागतो, त्यात मशीन. म्हणून मी स्वयंपाकघरात बसत नाही. पुस्तकांच्या खोलीत, पडदे ओढून बसते. एक वाक्य बोलते आणि थांबते. ते त्यांच्याकडे पोचून, फिरून, त्यांच्या चेहऱ्यावर उमटेपर्यंत थांबते. आधी ती पोकळी असह्य वाटायची. आता तिचं माप अंगात बसलंय. "काय म्हणालीस?" अजूनही येतंच. मी तेच वाक्य पुन्हा, तेवढ्याच लयीत म्हणते.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, यंदा काय बसवताय? मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग ते म्हणाले, "आणि हॉल कुठला?"