बीच सोडा, पणजी गाठा!

गोवा म्हटलं की ऑफिसच्या ग्रुपची गाडी थेट बागा-कळंगुटला. या वीकेंडला जरा मांडवीकाठी थांबून बघा!

मुक्काम करा फोंताइन्हासमध्ये. पोर्तुगीज काळातली रंगीत घरं, अरुंद गल्ल्या. ‘पंजिम इन’सारख्या जुन्या घरात राहण्याची मजा काही औरच. सकाळी कॅफे भोंसलेत भाजी-पाव. मुंबईच्या पावभाजीशी तुलना नको, चीजच वेगळी! दुपारी रिट्झ क्लासिकची फिश थाळी, फक्त रांगेची तयारी ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको. एप्रिल-मेमध्ये गेलात तर काजूच्या बोंडांचं हुर्राक चाखा. घशाखाली अलगद उतरतं आणि मागाहून चढतं, म्हणून स्कूटरची किल्ली खोलीवरच ठेवा. संध्याकाळी बेतीची फेरीबोट पकडा. पलीकडून दिव्यांनी उजळलेली पणजी बघाच.

आणि हो, फोंताइन्हास म्हणजे फोटोसाठी लावलेला सेट नाही, तिथे माणसं राहतात. कुणाच्या पायरीवर बसून पोझ देण्याआधी विचारा. ‘नाही’ म्हणाले तर हसून पुढे व्हा. आपल्या दारात रोज असं फोटोसेशन झालं, तर आपल्याला चालेल?